हत्तीचे मागचे पाय

माझी आणि कुलदीपची पहिली भेट हत्तीच्या पोटात झाली.

हे सांगितलं की समोरचा माणूस जरा मागं सरकतो. पण खोटं कशाला बोलू... लोक बस स्टँडवर भेटतात, कुणाच्या हळदीत भेटतात. आम्ही हत्तीत भेटलो.

हत्ती कापडाचा होता. नाव मोतीराम. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे 'मौजमहाल' नावाचं पार्क लागतं, तिथं मोतीराम दिवसभर फिरायचा आणि पोरांच्या हातात सोंड द्यायचा. त्याच्या पुढच्या पायांत एक माणूस, मागच्या पायांत एक. मी तिकीट खिडकीवर होते, माणसांच्या जगात.

मग मंदी आली. आधी कापसाचा भाव घसरला, मग बाजार घसरला, मग शाळांच्या सहली घसरल्या, आणि सगळ्यात शेवटी आमच्या घसरगुंड्या बंद पडल्या. माणसं कमी करत गेले तशी उरलेल्यांची कामं वाढली. भूतबंगल्यात पाच भुतं होती, तिथं आता एकट्या माणिकबाई राहिल्या. त्या सकाळी झाडू मारायच्या, दुपारी पॉपकॉर्न विकायच्या आणि कुणी आलंच तर केस मोकळे सोडून किंचाळायच्या. गिऱ्हाईक घाबरायचं नाही. "मावशी, जेवल्या का?" असं विचारायचं.

एक दिवस मॅनेजर देवीदासजी खिडकीशी आले. हवेत थंडी होती, त्यांनी कानटोपी घातलेली.

"वर्षाली, आज किती तिकिटं फाटले?"

"एकही नाही जी."

"मंग बसून काहून राहिली? धर्मेंद्रले कमी केलं. तू मागचे पाय हो."

आयुष्यात मला बऱ्याच जणांनी बरंच काही हो म्हणून सांगितलंय. डॉक्टर हो, नर्स हो, निदान तलाठी हो. मागचे पाय हो असं प्रथमच.

मी वाकून आत शिरले. आत अंधार नव्हता. राखाडी कापडातून ऊन गाळून यायचं आणि पहाटेसारखं काहीतरी व्हायचं. पुढं एक पाठ होती. मानेवर, केस संपतात तिथं, एक तीळ. कमरेला सुती पट्टा. मी तो पट्टा धरायचा आणि चालायचं, असं ठरलेलं होतं.

"कोन आहे?" पाठीनं विचारलं.

"मागचे पाय."

"नाव असंन ना पायाले."

"वर्षाली. बडनेऱ्याची... तुमी?"

"कुलदीप. बार्शीटाकळीचा. अकोल्याजवळचं आमचं पार्क बंद झालं, म्हून कालच इकडे पाठवलं." पाठ जरा थांबली. "म्हंजे आता अकोला पुढे अन् अमरावती मागे."

"हत्ती उलटा चालाले लागला तर?"

पाठ हलली. हसत होता बहुतेक. मला तोंड दिसत नव्हतं, पण एखाद्याची पाठ हसताना पाहिली ना, की तोंडाची फार गरज पडत नाही.

मागच्या पायांकडं एकच अधिकार असतो — शेपटीची दोरी. ती ओढली की शेपूट हलते. धर्मेंद्र ती पोरं दिसली की ओढायचा. मी त्या दिवशी कुणीच नसताना ओढली. का, ते मला तेव्हा कळलं नाही. बाहेरून माणिकबाई म्हणाल्या, "अगं माय, हत्ती लाजून राहिला वाट्टे."

कुलदीपला शेपूट दिसत नव्हती. देवाची कृपा.

मग असेच दिवस गेले, धुक्यातले... आकाशपाळणा गंजू नये म्हणून रोज सकाळी रिकामाच फिरवायचे. त्या रिकाम्या पाळण्याखालून आम्ही चार पायांनी जायचो. पलीकडच्या बागेतून संत्र्यांचा वास यायचा. गिऱ्हाईक नसायचं, पण हत्तीनं फिरलं पाहिजे असा नियम होता, म्हणून आम्ही फिरायचो आणि बोलायचो. तो म्हणायचा, अकोल्याचं ऊन कडक, माणूस मऊ. मी म्हणायचे, उन्हानं मऊ झाला असंन. तो डबा आणायचा, ज्वारीची भाकर आणि ठेचा. मी फुलांच्या दुकानातली शेवंती केसात माळून यायचे. बडनेऱ्याला बाबांचं फुलांचं दुकान आहे. ती शेवंती हत्तीच्या पोटात कुणाला दिसणार होती?

"आज पिवळी का?" तो पुढं बघत विचारायचा.

"तुमाले कसं समजलं?"

"वासावरून."

शेवंतीचा वास रंगावरून बदलत नाही. मी फुलवाल्याची पोरगी आहे, मला हे माहीत आहे. मी दोरी ओढली.

दर रविवारी रेन डान्सचा पंप चालू व्हायचा. त्याच्या नळ्यांपैकी दोनच चालायच्या, म्हणजे तो पाऊस दोन माणसांपुरताच पडायचा. याच पंपावरून हेड ऑफिसची गंमत झालेली. पुण्याहून मॅडमनी फोनवर विचारलं, पंप कसा आहे? देवीदासजी म्हणाले, "बिघडून राहिला." मॅडम म्हणाल्या, "छान, राहिला ना? मग नवीन कशाला?" आणि नवा पंप रद्द. आमच्याकडं 'बिघडून राहिला' म्हणजे बिघडतोय. पुण्याच्या कानाला तेवढं 'राहिला' ऐकू जातं. आम्ही आठवडाभर हसलो. तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

मग संक्रांतीच्या आधी देवीदासजी आम्हाला म्हणाले, "पुण्याहून फुगवायचा हत्ती येऊन राहिला. त्यात एकच मानूस लागते. तुमच्यापैकी एकाले जा लागंन. मॅडम उद्या दोघांलेही फोन करते. कोन जाते अन् कोन राह्यते, तुमचं तुमीच ठरवा."

त्या दिवशी मोतीराम फार हळू चालला.

"तू राह्य," कुलदीप म्हणाला.

"तुमी राहा."

"माहा मित्र चाकणले हाय. तिथं कंपनीत लागून जाईन."

चाकण. मी नकाशात पाहिलं होतं. नकाशातसुद्धा ते लांब होतं.

मी रात्रभर नाही, पण बसमध्ये उभ्या उभ्या हिशोब केला. तो गेला तर चाकणला जाणार, म्हणजे गेलाच. मी गेले तर बडनेऱ्याला, फुलांच्या दुकानात. तिथून मला तिकीट काढून हत्ती बघायला येता आलं असतं. गिऱ्हाईक तसंही कमीच होतं. हत्तीनं माझ्याकडं लक्ष दिलं असतं. हां, नोकरी गेली असती. आमच्या घरात दुकान सोडून पगार आणणारी मी पहिलीच. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरगी हत्ती खात्यात आहे. लोकांना वाटायचं जंगल खातं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. कुलदीप आधी जाऊन आला होता. माझ्याकडं न बघता निघून गेला. मी रिसीव्हर उचलला.

"वर्षाली ना?" मॅडमचा आवाज गोड होता. "काय ठरलं तुमचं?"

"मॅडम, मी जाऊन राहिली."

"राहिली?"

"हाव. जाऊन राहिली."

"नक्की ना? नंतर बदलता येणार नाही."

"नक्की," मी म्हणाले. आवाज जरा चिरला. मॅडमना वाटलं असेल, आनंदानं.

मी माझी पिशवी भरली. डबा, कंगवा, सुकलेली शेवंती. रविवार होता. रेन डान्सचा पंप दोन नळ्यांनी पाऊस पाडत होता, खाली कुणीच नव्हतं. त्या पावसाच्या पलीकडं कुलदीप उभा होता. त्याच्याही हातात पिशवी.

पहिल्यांदाच मी त्याला इतका वेळ समोरून पाहत होते. डोळे थोडे झोपाळू, मिशी ठरवून ठेवलेली नाही, राहिलेली.

"पिशवी काहून?" मी विचारलं.

"तुह्याकडे काहून?"

"मी सोडून राहिली. मॅडमले सांगतलं."

पाण्याचे थेंब त्याच्या भुवईवर येऊन थांबत होते.

"अन् मी काय सांगतलं असंन? मीच सोडून राहिलो ना. तुले राहू दे म्हून."

"तुमाले कोनं सांगतलं होतं?"

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"मंग आता हत्तीत कोन?"

आम्ही दोघांनी मोतीरामकडं पाहिलं. तो खुंटीला लटकला होता, रिकामा, सोंड खाली. इतका मोठा प्राणी आणि आत कुणीच नाही. मला रडू आलं. हत्तीसाठी, असं मी पुढं बरेच दिवस सांगत होते.

"वर्षाली..." तो पाण्यातून चालत आला. पाऊस ओलांडायला दोन पावलं पुरली, छोटाच होता तो. "आता जातोच आहो तर सांगून टाकतो. मी तुह्यावर प्रेम करून राहिलो."

हाताला सवय होती, मी दोरी शोधली. दोरी नव्हती. ओढणीचं टोकच ओढलं.

तेवढ्यात देवीदासजी कानटोपी सावरत धावत आले.

"अबे, काय सांगतलं तुमी पुण्याले? मॅडम माह्यावर चिडली. म्हणते, दोघंही राहिलो-राहिली म्हणतात, कोणी हलाले तयार नाही. मी दोघांले 'नक्की का' म्हून विचारलं, तरी नक्की म्हणतात."

कुलदीपनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच पंप आला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. वैतागली. म्हणे एवढं भांडण असंन तर फुगवायचा हत्ती कॅन्सल, होळीपर्यंत जुनाच चालवा. पुढचं पुढे." देवीदासजींनी आमच्या पिशव्या पाहिल्या. मग ओले कपडे. त्यांच्या डोक्यात सावकाश उजेड पडत गेला. "थांबा. तुमी 'जाऊन राहिलो' म्हणले का?"

आम्ही मान हलवली.

"दोघंही?"

"दोघंही."

पंप अडखळला, पुन्हा सुरू झाला.

"फोन करून सांगू का तिले?"

"काय सांगान जी," कुलदीप म्हणाला, "व्याकरण?"

देवीदासजी गेले. जाता जाता त्यांनी पंप बंद केला नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

होळीनंतर काय होईल ते होळीला विचारू. त्या दुपारी मूर्तिजापूरकडून एक कुटुंब आलं, तिकीट काढून, चक्क. आम्ही घाईघाईनं मोतीराममध्ये शिरलो. आत तीच पहाट. पुढं तीच पाठ, जरा ओली.

"मघाचं राहिलंच," पाठ म्हणाली. "मी सांगतलं. तू नाही सांगतलं काही."

"काय सांगतलं होतं तुमी?"

"प्रेम करून राहिलो म्हून."

"वऱ्हाडीत सांगतलं का पुण्याच्या भाषेत?"

तो चालता चालता थांबला. हत्ती थांबला.

"वऱ्हाडीत म्हणलं तर, करतो आहे," तो हळू म्हणाला. "अन् पुण्याच्या भाषेत... राहिलो. जात नाही कुठं."

मी पट्टा एका हातात घेतला. दुसऱ्या हातानं दोरी धरली आणि ओढली, पुन्हा पुन्हा, शिवण उसवेपर्यंत.

बाहेर माणिकबाईंचा आवाज आला. भुताचा पोशाख अर्धा चढवून त्या नक्कीच दारात आल्या असणार.

"कुलदीप, लेका, तुले तिकडून शेपूट दिसत नाही म्हून सांगते," त्या म्हणाल्या. "मागून हो आहे."