चौदा नंबरची भिंत

"माझ्या आईची भिंत चोरीला गेलीय," लुएला बॅस्किन म्हणाली.

होबार्टने गोड चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. "भिंत? बाई, आमच्या फ्लोरिडात लोक फार तर गाडीची चाकं चोरतात."

"होबार्ट, तू जरा गप्प बस," व्हर्ना टिलरी आपल्या मदतनिसाला म्हणाली. खासगी तपासाच्या धंद्यात तिला ऐकून घेण्याचेच पैसे मिळत.

लुएलाची आई, मिस ऑड्री, निवृत्त होईपर्यंत लेक मेव्हिस नावाच्या शाळेच्या चौदा नंबरच्या पोर्टेबलमध्ये शिकवत होती. शाळेत मुलं वाढली की मैदानात अशा लाकडी खोल्या येतात. येतात तात्पुरत्या, पण त्यांत पिढ्या शिकून जातात. मागच्या भिंतीवर मिस ऑड्रीने सगळ्या काउंटीचा नकाशा रंगवला होता. तेव्हा सगळीकडे संत्र्याच्या बागा. एखादी बाग तुटून तिथे नवी शाळा उभी राहिली, की वर्गातलं एक मूल त्या जागी रंगात बुडवलेला अंगठा उमटवायचं.

"पहिले दोन अंगठे लेक मेव्हिसवर. एक तिचा, एक माझा. मी सहा वर्षांची होते." लुएलाने चहाचा पेला बाजूला ठेवला. "आई मार्चमध्ये गेली. शुक्रवारी त्या खोल्या मोडणार आहेत. भिंत कापून न्यायची परवानगी मिळाली, म्हणून गेले. तर भिंत कोरी."

चौदा नंबरची भिंत खरोखरच कोरी होती. लाकूड उघडं, वर टाचण्यांची जुनी भोकं.

"आई टाचणी लावू द्यायची?" व्हर्नाने विचारलं.

"त्या भिंतीला? तिने जीव घेतला असता."

मुख्याध्यापक यॉडर घाम पुसत आले. "संशय माझ्यावरच असणार. पण रंगाचा डबा मागितला तर शाळा मंडळ दोन वर्षं लावतं. मी आलो तेव्हापासून ही भिंत अशीच आहे."

बाहेर पडताना व्हर्ना दाराशी थांबली. नंबराची पाटी छोटी होती. तिच्याभोवतीचा रंग मात्र लांबट चौकोनात ताजा राहिला होता.

खोल्यांची देखभाल ड्यूई कार्सवेलकडे होती. चौदा नंबर मधे कधी बंद होता का, असं विचारताच तो भडकला. "चौदा नंबर एक दिवससुद्धा रिकामा राहिला नाही! मिस ऑड्री निवृत्त झाल्या, मग सायप्रेस बेंडची शाळा निघाली, तेव्हा त्यांना धड खोल्या हव्या होत्या. इथल्या चार दिल्या. पुढे इथली पोरं वाढली, तेव्हा दुसरीकडून आणल्या. चौदा मात्र चौदाच."

 गाडीत बसल्यावर लुएलाला हसवावं म्हणून होबार्ट म्हणाला, "मी शाळेची एकतीस नंबरची बस चालवायचो. तीन गाड्या भंगारात गेल्या, पण एकतीस नंबर रोज वेळेवर!"

व्हर्नाने गाडी वळवली. "होबार्ट, कधी कधी तू माझ्याआधी पोचतोस."

"कुठे?"

"सायप्रेस बेंडला. यॉडर आणि कार्सवेललाही बोलाव."

शाळा सुटली होती. मैदानाच्या कडेला सारस चरत होते. पोर्टेबलच्या ओळीसमोर व्हर्ना सगळ्यांकडे वळली.

"चोरी झालीच नाही. भिंतीवर रंगाचा थर नव्हता, म्हणजे नकाशा कोणी रंगाखाली झाकला नाही. टाचण्यांची भोकं होती, म्हणजे ती मिस ऑड्रींची भिंतच नव्हती. आणि पाटीखाली दुसऱ्या, मोठ्या पाटीची खूण. ती खोली बाहेरून आलेली. होबार्टचा एकतीस नंबर गाडीचा नव्हता, रस्त्याचा होता. तसा चौदा हा खोलीचा नंबर नाही, जागेचा आहे. खोली ट्रकवर चढते, पाटी तिथेच राहते. बरोबर ना, ड्यूई?"

"अर्थात," कार्सवेल गोंधळून म्हणाला. "नाहीतर आग लागली तर बंबवाले खोली शोधणार कुठे? पण हे मला कोणी विचारलंच नाही!"

"सगळे चौदा नंबर शोधत होते. खोली कोणीच शोधली नाही."

तिसऱ्या दाराशी मिस ओकासिओ नावाची तरुण शिक्षिका उभी होती. "नकाशा? आत या ना. मुलांनी गेल्याच आठवड्यात नव्या शाळेचा अंगठा लावला."

मागची भिंत अंगठ्यांनी भरली होती. बागांचा हिरवा रंग जवळजवळ उरलाच नव्हता. लेक मेव्हिसच्या निळ्या ठिपक्यावर दोन अंगठे होते, एक मोठा आणि एक इवलासा.

"ही खोली शुक्रवारी मोडणार नाही," कार्सवेल हळूच म्हणाला. "इथे पोरं अजून वाढतायत. पण तुमच्याकडे परवानगी आहे, बाई. करवत गाडीत आहे."

लुएलाने मोठ्या ठशावर आपला अंगठा टेकवला. तो तंतोतंत बसला. बराच वेळ तिने तो उचलला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "तिचा वर्ग अजून सुटलेला नाही."