धूर धुणारा टॉवर

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. साल २०१९. नोव्हेंबरची एक संध्याकाळ. जबलपूरहून बरगीकडे जाताना लागणारा एक कारखाना. नाव सांगत नाही.

मुरलीधरमामा तिथे स्क्रबर सांभाळायचा. भट्टीचा विषारी धूर एका उंच टॉवरमध्ये चुन्याच्या पाण्याने धुवायचा, मग चिमणीतून सोडायचा. ऐकायला स्वच्छ काम. पण धुतलेली सगळी घाण टॉवरच्या तळाशी बसते. राखाडी, बुळबुळीत, शेंबडासारखी. मामाच्या नखांतून तो वास जायचाच नाही. जेवताना पोळीलाही तोच वास यायचा.

टॉवर साफ करायला आत जाणारा आपली चप्पल दाराशी काढून गमबूट घालायचा. दाराशी चप्पल दिसली, तर लोखंडी दार लावायचं नाही. तिथला कायदाच तो.

त्या दिवशी सफाई झाली. सगळे बाहेर आले.

आणि आत कोणीतरी खोकलं...

मामाने पुन्हा चप्पल काढली, गमबूट चढवले आणि टॉर्च घेऊन आत शिरला.

आत कोणी नव्हतं.

फक्त चिखल. आणि चिखलात... अनवाणी पावलांच्या ताज्या खुणा. दाराकडे जाणाऱ्या.

मामा मागे वळला, तोच दार धाडकन लागलं.

बाहेर, टॉवरमध्ये धूर सोडायची घंटा झाली. धूर आत आला असता तर मामा संपलाच होता. तो जिवाच्या आकांताने टॉर्चने दार बडवत सुटला.

दार उघडलं. समोर त्याचा जोडीदार गणपत. पांढराफटक पडलेला.

"भैया, तुम्ही तर आत्ता बाहेर आले ना... चप्पल घालून गेले. तुम्हीच बोलले, बंद कर दे."

दाराशी मामाची चप्पल नव्हती.

तो गमबुटांतच जबलपुरातल्या चेरीतालला घरी पोचला. शैलजामामीने दार उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"काहून जी, तुम्ही तर आत आंघोळ करून राहिले ना?"

बाथरूममध्ये पाणी पडत होतं...

कडी आतून. मामाने लाथ घालून दार तोडलं. आत कोणी नव्हतं. नळ चालू, आणि मोरी राखाडी चिखलाने तुंबलेली.

मामाने नोकरी सोडली. आता हसतो, बोलतो, सगळं ठीक आहे म्हणतो. पण परवा मामी मला बाजूला घेऊन म्हणाली,

"त्या दिवशी मी दोघांना दार उघडलं, बाबू. राहिला तो आपलाच आहे, असं रोज मनाला सांगून राहिली."

तेव्हापासून त्या घरी मला घास गिळवत नाही.