अर्जावर दुसऱ्याचाच मोबाईल

एसटी येरमाळ्यात बंद पडली नसती, तर श्रीदेवी तिथल्या शिवशरणच्या ई-सेवा केंद्राची पायरी कशाला चढली असती? पण पडली! आणि तिच्या पिशवीत अर्जाचे कागद होतेच.

आहारतज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक हवा होता तिला. अर्ज तीनदा परत आलेला. कधी म्हणे फोटो अंधुक, कधी गुणपत्रिका तिरकी! एम.एस्सी. झालेली पोरगी कळंबमधल्या घराच्या पुढच्या खोलीत वजनकाटा मांडून बसलेली, पण क्रमांक नाही म्हणून एकही रुग्णालय तिच्याकडे पेशंट पाठवेना. आणि काही न शिकता डब्यातली पावडर विकणाऱ्यांची दुकानं जोरात! संताप होईल नाहीतर काय?

“मॅडम, रागानं साखर वाढती म्हणं?” शिवशरणनं कीबोर्डवरून हळूच वर बघत विचारलं.

“वाढते. तुमची तपासू का?”

“तपासा की… तवर चहा बिनसाखरेचा सांगतो.”

श्रीदेवीला हसू आवरलं नाही. वीस मिनिटांत अर्ज गेला. पुढं महिनाभरात ती तीनदा येरमाळ्याला आली — अर्ज कुठवर आला ते बघायला. आता धाराशिवच्या एका रुग्णालयानं तिला आठवड्यातून दोन दिवस खोली द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, सोमवारपर्यंत क्रमांक.

शनिवारी केंद्रातल्या पडद्यावर लाल अक्षरं आली. तीन दिवसांत त्रुटी दुरुस्त न केल्यानं अर्ज बंद.

“कुठली त्रुटी? मला एक मेसेज नाही!”

शिवशरणचा चेहरा पडला. “मोबाईल… माझा टाकलाय. म्हाताऱ्या माणसांकडं फोन नसतो, ओटीपी माझ्याच फोनवर घेतो. हाताला सवय लागली. दिवसाला दोनशे मेसेज येतात, त्यात तुमचा…”

“म्हणजे मी तुमच्या दोनशेतली एक?” श्रीदेवीचा आवाज फाटला. कागद ओढून घेऊन ती रडत निघून गेली.

सोमवारी नकार ऐकायलाच ती रुग्णालयात गेली. डॉक्टरबाईंनी तिच्यापुढं एक पत्र सरकवलं. केंद्राचा शिक्का, खाली सही. ‘अर्जदाराची काही चूक नाही. मी माझाच मोबाईल नंबर टाकला.’

“हा मुलगा सकाळपासून बाहेर बसलाय,” बाई म्हणाल्या. “महिनाभर थांबते मी. नवा अर्ज करा.”

श्रीदेवी तरातरा बाहेर आली. शिवशरण बाकड्यावरून उठला.

“हा कागद कुणी वर पाठवला तर तुमचं केंद्र जाईल. कळतं का?”

“व्हय.”

“मग लिहून कशाला दिलं?”

“खरं हाय म्हणून… आन् तुमी रडत गेलात, ते बघवलं न्हाय.”

“मला विचारलंस? सगळं परस्पर! मोबाईल तुझा, पत्र तुझं, आणि जीव टांगणीला माझा!”

शिवशरण बघतच राहिला. “मला… तू म्हणालात?”

“म्हणाले! आवडतोस तू मला. अर्ज कुठवर आला ते घरबसल्या मोबाईलवरही बघता आलं असतं, तरी तीनदा येरमाळ्याला काय उगाच आले? पण नवा अर्ज मी माझ्या हातानं भरणार. तू नुसतं शेजारी बसायचं. कशालाही हात लावायचा नाही!”

“बसतो की…” तो हळूच म्हणाला. “किती दिवस?”

“जन्मभर!” ती फणकारली, आणि बाकड्यावर धपकन बसून तिनं शेजारची जागा त्याला हातानं दाखवली.