तू श्वास घे, मी धरतो

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. उलट हे सांगते म्हणून आमच्या चर्चमधल्या दोन बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. तरी सांगते. कारण हे घडलंय.

तारीख आठ नोव्हेंबर १९५६. गुरुवार, दुपारचे तीन. न्यूयॉर्कच्या पूर्व भागात एका बंद पडलेल्या चर्चमध्ये तेव्हा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. तिथे सात माणसं ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवून फुंकायचं पितळी वाद्य, घेऊन बसली होती.

खुर्च्या मात्र आठ होत्या...

त्या सातांतले एक माझे सख्खे काका, ओझेल टिडवेल. आठवी खुर्ची माझ्या वडिलांची, रॉयस टिडवेल यांची.

आणि बाबांना पुरून तेव्हा तीन आठवडे झाले होते.

नुसते आठ ट्रॉम्बोन घेऊन जॅझची अख्खी रेकॉर्ड काढायची, हे वेड हॅडली क्रेन या बँडवाल्याचं. लोक त्याला हसायचे. "त्यापेक्षा आठ गाई आण. निदान दूध तरी देतील!" क्रेनने ऐकलं नाही. सप्टेंबरात निम्मी रेकॉर्ड झालीसुद्धा. उरलेल्या गाण्यांपैकी शेवटच्या गाण्याच्या अखेरीला खर्जातला एक सूर होता. पाऊण मिनिट लांब, कुठेही न तुटणारा.

एवढी हवा एका माणसाच्या छातीत मावत नाही. म्हणून क्रेनने तो दोघांना दिला होता. टिडवेल भावांना.

यात एक रीत असते. शेजारी बसलेल्या दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एक श्वास घ्यायला थांबला की दुसरा सूर धरतो. पहिला परत आला, की मगच दुसऱ्याने घ्यायचा. ऐकणाऱ्याला सांधा कळतही नाही.

बाबा दर वेळी सुरू करण्याआधी काकांना कोपर मारायचे आणि म्हणायचे, "तू श्वास घे, मी धरतो."

गाडीतही हेच. त्या काळी आमच्या रंगाच्या माणसाला वाटेत कुठे खोली मिळेल याचा भरवसा नसे. कार्यक्रम संपला की दोघे रातोरात गाडी हाकत घरी यायचे. एक झोपायचा, एक चाक धरायचा.

"तू झोप, मी धरतो."

ऑक्टोबरात पिट्सबर्गला कार्यक्रम होता. काकांचं मोजणं चुकलं. सोळा आवर्तनं गप्प बसायचं होतं, ते पंधरालाच वाजवून मोकळे झाले. भर शांततेत एकटाच ट्रॉम्बोन! सगळं सभागृह हसलं.

पडद्यामागे बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मोजायला दहा बोटं दिलीत देवानं, ती काय नाक कोरायला?"

चेष्टाच होती. रोजचीच. पण त्या दिवशी ती काकांच्या वर्मी लागली.

"तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा मी चालत जाईन!"

"जा की. पण मोजत जा बाबा. नाहीतर एक गाव आधीच थांबशील."

काका स्टेशनवर गेले आणि आगगाडीने परतले. बाबा एकटेच निघाले.

पहाटे त्यांची गाडी हमरस्त्यावर एका उभ्या ट्रकवर आदळली. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूण नव्हती. डोळा लागला असावा, असं पोलीस म्हणाले.

मी नऊ वर्षांची होते. काका आमच्या नेवार्कच्या घरी आले, तेव्हा आईने त्यांना आत येऊ दिलं नाही. दारातच एक प्रश्न विचारला.

"तू गाडीत का नव्हतास, ओझेल?"

काकांनी हॅट काढली आणि मान खाली घालून उभे राहिले.

तर, आठ नोव्हेंबर.

क्रेन म्हणाला, "बदली माणूस बघून ठेवलाय. बाहेर बसलाय बिचारा."

"या खुर्चीत कोणी बसायचं नाही," काका म्हणाले.

"अरे, सूर तुटेल!"

"तुटू दे."

काचेपलीकडे यंत्रांपाशी सॉल वाक्टेल होता. या सॉलचा जीव त्याच्या लाकडी जमिनीवर. ट्रॉम्बोनच्या नळीत वाजवणाऱ्याच्या श्वासाचं पाणी साचतं. कळ दाबून ते खाली सोडावं लागतं. म्हणून सॉल रोज सकाळी प्रत्येक खुर्चीखाली त्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरायचा.

"माझ्या जमिनीवर थुंकायचं नाही!"

"थुंकी नाही रे ती, वाफ!" सगळे एका सुरात ओरडायचे.

त्या सकाळी सवयीने त्याने आठ वर्तमानपत्रं पसरली होती. आठवं उचलायचा त्याला धीर झाला नाही.

लाल दिवा लागला. गाणं सुरू झालं... शेवट आला.

काकांनी तो खर्जातला सूर लावला. दहा सेकंद. पंधरा. वीस. छाती जळायला लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

कोपर मारायला शेजारी कोणी नव्हतं.

त्यांनी ओठ काढले.

सूर थांबला नाही...

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. बाकीच्या सहा जणांचे डोळे कागदावर होते. ते वरचे सूर वाजवत होते. खालचा सूर काकांच्या डाव्या कानाशी होता. रिकाम्या खुर्चीतून येत होता.

हाताचे केस उभे राहिले. पण काकांना फक्त भीती वाटली असं नाही. त्यांना ओरडून रडावंसं वाटलं. तो आवाज ते आपल्या आईच्या आवाजाइतका ओळखत होते.

त्यांनी ट्रॉम्बोन परत ओठांना लावलाच नाही. हात उचललेच नाहीत.

सूर शेवटपर्यंत गेला... आणि विझला.

सॉल धावत बाहेर आला. "कसं केलंस हे? एका दमात?"

काकांनी डाव्या खुर्चीखाली बोट दाखवलं.

वर्तमानपत्र मधोमध ओलं होतं. ताटलीएवढं...

क्रेनने हॅट घातली आणि तो निघून गेला. सॉलने त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगच्या नोंदीच्या कागदावर लिहिलं, "सूर अखंड. वाजवणारे सात." तो कागद आज माझ्याकडे आहे.

रेकॉर्ड निघाली. फार खपली नाही. काकांनी त्यानंतर ट्रॉम्बोन पेटीत बंद केला आणि पोस्टात नोकरी धरली. पण दर आठ नोव्हेंबरला ते रेकॉर्ड लावायचे. आई गेल्यावर ते माझ्याकडे येऊन लावू लागले. तो सूर मी स्वतः ऐकलाय. एकदा नाही, वीस वेळा. अखंड होता.

१९८१ साली आठ तारीख रविवारी आली. चर्चहून आलो, जेवलो. रताळ्याची गोड पाई कापायची राहिली होती. काका रेकॉर्ड ऐकत होते आणि एकदम त्यांच्या हातातला कप खाली पडला.

"व्हर्नेटा, तो श्वास घेत नाहीये गं."

"कोण, काका?"

"रॉयस! मी थांबलो, त्यानं धरला. मग मी परत यायचं असतं ना? मी आलोच नाही. पंचवीस वर्षं तो एकटा धरून बसलाय. त्या गाडीतही एकटा... आणि इथेही..."

साठ वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडत होता.

मग ते घरी जाऊन पेटी घेऊन आले. नळीला तेल लावलं. ओठ पार सुकलेले. मी पुन्हा सुई ठेवली.

तो सूर आला, वीस सेकंद गेले.

काकांनी डाव्या बाजूला हवेत हलकेच कोपर मारलं.

"तू श्वास घे, मी धरतो."

आणि वाजवायला लागले. आवाज फाटका होता, पण सूर तोच.

तेव्हा... रेकॉर्डमधून एक श्वास ऐकू आला.

आत ओढलेला. लांब. बुडणारा माणूस पाण्यावर आल्यावर घेतो ना, तसा. त्या रेकॉर्डवर तो याआधी कधीच नव्हता.

काका धरून राहिले. चेहरा घामाने डबडबलेला, मानेच्या शिरा टरारलेल्या, डोळे डावीकडे. ते बाबांच्या परत येण्याची वाट बघत होते. मी मनात म्हणत होते, बाबा, या ना. या ना लवकर.

काकांचा दम संपला.

रेकॉर्डवर वरचे सूर तेवढे उरले. खाली काहीच नव्हतं...

आम्ही पुन्हा लावली. पुन्हा लावली. आता तो सूर विसाव्या सेकंदाला तुटतो, जिथे काकांनी ओठ काढले होते तिथेच.

"मी त्याला एकच श्वास घ्यायला सांगितलं होतं," काका सारखं तेच म्हणत होते. "घेऊन परत यायचं असतं. त्याला ठाऊक आहे की. तो कधी चुकत नाही."

काका ८७ साली गेले. मी हीच रेकॉर्ड आणखी दोन ठिकाणांहून मिळवली. एक तर न उघडलेली होती. दोन्हींत सूर विसाव्या सेकंदालाच तुटतो. सॉलच्या कागदावर मात्र अजूनही "अखंड" लिहिलेलं आहे.

लोक म्हणतात, तुझे वडील सुटले, आनंद मान. मला तो मानता येत नाही. इतकी वर्षं ते निदान कुठे आहेत हे तरी मला माहीत होतं.

दर आठ नोव्हेंबरला मी रेकॉर्ड लावते. शेजारी एक खुर्ची ठेवते, तिच्याखाली त्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरते. सूर तुटला की मी बोटांवर आवर्तनं मोजायला लागते. चुकू नये म्हणून हळू मोजते. रेकॉर्ड संपते, सुई खरखरत राहते, तरी मी मोजतच असते.

मग वाकून वर्तमानपत्र चाचपते. ते कोरडंच असतं.