बोलावलेल्यांचं ताट

“या गं बायांनो, खुरपी सोडा पातीला,
भाकर आली गं भुकेल्यांच्या सोबतीला…”

आत्याची ती हाक रेवतीच्या कानांत तीस वर्षं मुक्कामाला होती. बांधावरून ती हाक निघाली की खुरपणाऱ्या बायांची वाकलेली रांग एकेक करून उभी राही. हाक आधी पोटाला ऐकू जाते, मग कानाला, असं आत्या म्हणायची.

डॉ. रेवती झिमल यांचं हाकयंत्र त्या बांधावरच उगवलं होतं. माणदेशातल्या आपल्या मृदा-प्रयोगशाळेत, मेलेल्या मातीच्या काचनळीपुढे उभी राहून ती आफ्रिकेतल्या मलावी देशाहून आलेल्या डॉ. चिसोमो बांडांना सांगत होती, “जिवंत माती सतत कुजबुजते. गांडूळ सरकतं, मुळं वाढतात, किडे कुरतडतात. दमलेल्या मातीत ही कुजबुज थांबते. पण सगळे जीव मेलेले नसतात. बीजाणू होऊन निजलेले असतात. जिवंत मातीचा नाद आम्ही ध्वनिशलाकांमधून खाली सोडतो. निजलेल्यांना वाटतं, वस्ती जागी झाली. ते उठतात.”

तीन रानांत दोन वर्षं चाचणी झाली होती. अट एकच, रानात वरून काही म्हणजे काही घालायचं नाही. नाहीतर गुण यंत्राचा की खताचा, कळणार कसं? पहिल्या वर्षी तिन्ही रानं बोलू लागली. दुसऱ्या वर्षी दोन मुकी झाली आणि खापर दुष्काळावर फुटलं. तिसरं, अंजनाबाई काळेलांचं, गजबजतच राहिलं. त्याच्या भरवशावर मलावीनं चारशे यंत्रं मागवली होती. पेट्या उद्या निघणार होत्या, मक्याच्या पेरणीआधी चारशे गावांत पोचायला.

अंजनाबाई पाहुण्याला निरोप द्यायला आल्या होत्या. सोबत हुलग्याचं माडगं. बांडा वाटी समोर ठेवून टिपणंच काढत बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाव्हणा खातोय कमी, लिवतोय लई. असल्यानं अंग धरायचं न्हाई.”

रेवतीनं ते सांगताच बांडा हसले, वाटी उचलली, दोन घोट प्यायले. आणि थांबले.

“उठलेले बीजाणू खातात काय?”

“मातीत उरलेला कुजका पाला, जुनी मुळं.”

“ते संपल्यावर?”

“पुन्हा निजतात.”

बांडांनी वाटी खाली ठेवली. पुन्हा बीजाणू व्हायलाही अंगात साठा लागतो, ते सावकाश म्हणाले. उपाशी उठवलेला जीव निजू शकत नाही. तो मरतो. मग त्यांनी अंजनाबाईंकडे मान वळवून विचारलं, दुष्काळानं यांचंच रान कसं वगळलं?

हा प्रश्न रेवतीनं वर्षभर स्वतःला विचारायचं टाळलं होतं. ती दोन रानं दुष्काळानं मुकी झाली नव्हती. तिच्या हाकेनं घराबाहेर काढलेले जीव तिथं उपासानं संपले होते. चारशे गावांची माती एक वर्ष हिरवी होईल आणि मग कायमची रिकामी.

तिनं अंजनाबाईंच्या रानाचा नादालेख उघडला. दोन वर्षांत फक्त दोन ठिकाणी रेघ तुटलेली. दोन्हीदा चैत्रात, दोन्हीदा तीन-तीन दिवस. अंजनाबाईंनी तेव्हा कळवलं होतं, तार निसटली म्हणून.

रेवतीनं त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि सगळं जसंच्या तसं मराठीत सांगितलं, आपली चूकही. अंजनाबाई पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

“काकी, तुमच्या रानात वेगळं काय झालं? त्या गावांतही लेकरं आहेत.”

मग अंजनाबाईंनी पदर सोडला.

“तार म्याच काढली व्हती, बाय. धाकल्या भावाची मेंढरं रानात बसवली, दोन्ही चैतात. लेंड्या आन् बाजरीचं काड नांगरून मातीआड केलं. तुझ्या कागदावर सही दिली व्हती, म्हणून दडवलं. म्हणलं, सांगितलं तर पोरीचं यंत्र बुडंल.” त्यांनी बांडांची अर्धी झालेली वाटी पुन्हा भरून त्यांच्यापुढे सरकवली. “पर तूच सांगितलं व्हतंस न्हवं, यंत्र हाक मारतंय, आत्या मारायची तशी? मग बोलावल्याल्यांचं ताट रिकामं ठिवायला माजा हात धजला न्हाई.”