विमानातलं बिऱ्हाड

पिठाचा डबा पोटाशी धरून सेनी मावसभाऊ फोनुआच्या खांद्यावर चढली आणि विमानात शिरली. टोंगातल्या त्या चिमुकल्या बेटावर रविवारी कुणी कामाला हात लावत नाही, विमानही उडत नाही. प्रार्थना आणि जेवण उरकून सगळं गाव घोरत होतं.

"आटप गं. सापडलो तर मार मला बसेल," फोनुआ खालून कुरकुरला.

शनिवारी विमानातल्या तारा कुरतडलेल्या सापडल्या होत्या. धावपट्टी सांभाळणाऱ्या माइकोलोमामाने आळ घेतला तो सेनीच्या मोसी कुत्र्यावर. लंगडा होईस्तोवर त्याला बडवून टाकीजवळ साखळीने बांधलं. सोमवारी विमान गेलं की त्याला संपवायचं ठरलं. सेनीने तारा निरखल्या होत्या. त्यांवर जोडीजोडीने बारीक खाचा होत्या. कुत्र्याने तार चावली तर ती चेचते. पण मामाने ऐकून घेतलं नाही.

मागे भाजलेल्या सुरणाच्या आणि डुकराच्या मांसाच्या टोपल्या रचलेल्या होत्या. रविवारी काम चालत नाही, म्हणून सोमवारच्या टोपल्या मामा दर शनिवारीच विमानात भरून ठेवायचा. सेनीने जमिनीवर पिठाचा पातळ थर पसरला.

सोमवारी पहाटे वैमानिकाने दार उघडलं. पिठात इवल्याशा पावलांची रांग उमटली होती आणि तिच्यामधून शेपटीची रेघ गेली होती.

"हे पीठ कुणी टाकलं?" मामा गरजला.

"मी. काल," सेनी म्हणाली.

"रविवारी? पाद्रीबाबांना सांगू?"

"सांगा. मोसी काल दिवसभर बांधलेला होता, तेही सांगा."

वैमानिक मागून खुदकन हसला. पावलं जिथे संपत होती तिथला पत्रा त्याने उघडला. आत आसनांच्या स्पंजचा भुगा होता. त्यात डोळे मिटलेली गुलाबी पिल्लं होती आणि त्यांना पाठीशी घालून दात विचकणारी उंदरीण. अन्न विमानात कोण ठेवतं, असं वैमानिकाने विचारलं तेव्हा मामा स्वतःच्या चपला बघू लागला.

"पोरीने जीव वाचवला सगळ्यांचा," वैमानिक म्हणाला. जमलेल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. फोनुआने छाती फुगवली.

मामाने ते बिऱ्हाड फावड्याने पाण्याच्या बादलीत लोटलं, वर झाकण ठेवलं आणि सेनीचा हात धरून त्यावर टेकवला.

"हुशार आहेस. शोध तुझा, तूच दाब. हे संपलं की कुत्रा सोडतो."

झाकणाखाली नखं खरवडत होती. टाकीजवळून मोसी कण्हला.

सेनीने दुसरा हातही झाकणावर ठेवला.