गिरणीच्या फाटकापाशी

"अहो, खिळ्यांचे बूट बाहेर!"

मी ओरडेपर्यंत तो चार पावलं आत आला होता. आमच्या लाकूडतोडीच्या संग्रहालयाच्या लाकडी जमिनीवर बारीक भोकांची रांग! आमच्या हॅडली क्रीक गावात शेंबड्या पोरालाही कळतं, की लाकूडतोड्याचे बूट उंबऱ्याबाहेर राहतात. म्हणजे हा बाहेरगावचा.

"चुकलं… पाऊस होता म्हणून—"

"इथे पाऊस नसलेला दिवस दाखव, बक्षीस देते."

त्याने वाकून बूट काढले. फाटक्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. मी हसू दाबलं, पण त्याने ते टिपलंच. त्याचं नाव टोर. उंच झाडांवर चढून शेंडे उतरवायचं त्याचं काम, आणि वरच्या डोंगरावरच्या तुकडीत तो नवा.

मग तो दर रविवारी येऊ लागला. वाफेचं इंजिन, दोन माणसांची लांब करवत, सगळं पुन्हा पुन्हा बघायचा… माझ्या अगदी शेजारी उभं राहून.

"हा फोटो कुठला, आइना?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"नदीकाठच्या बुंध्याचा. गाव वसवताना तोडलेलं पहिलं झाड. बुंध्यावर सोळा जण नाचले होते."

"मग दोघांना तर ऐसपैस जागा."

"जोडीदारीण लागते त्याला."

"तिच्यासाठीच तर येतो. फोटो कधीच पाठ झालाय."

मी वेड्यासारखी लाजले. त्या संध्याकाळी आम्ही त्या बुंध्यावर नाचलो. रिमझिम, ओल्या देवदाराचा वास, आणि माझ्या पाठीवर त्याचा खरबरीत हात… मी पुरती बुडाले होते.

पण ऑगस्टमध्ये त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले.

"माझे बाबा ओंडक्याखाली गेले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईची काय दशा झाली, रोज बघते मी. जंगलात जाणाऱ्याशी लग्न नाही करायचं मला."

"मला दुसरं काही येत नाही गं."

"मग मला विसर."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्यानंतरच्या मंगळवारी, ऐन सकाळी, गिरणीचा भोंगा वाजला. दुकानात, शाळेत, सगळ्यांचे हात थांबले. आम्ही मोजत होतो. पाच… सहा… सात. सात भोंगे म्हणजे वर जंगलात कुणाला तरी लागलं होतं.

अशा वेळी तुकडीतल्या माणसांच्या आया, बायका गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहतात आणि बाकीचं गाव रस्त्याच्या अलीकडे. ज्यांचं वर कुणी नाही, त्यांनी तिकडे जायचं नाही. आणि एखादी लग्नाची मुलगी तिकडे गेलीच, तर ती कुणाची झाली हे गाव त्याच दिवशी ठरवून टाकतं.

मी अलीकडे होते, आईजवळ. मी एक पाऊल टाकलं.

"आइना," आईने दंड धरला, "तिकडे तुझं कोण आहे?"

"आहे, आई."

तिने मला सोडलं. मी रस्ता ओलांडला. सगळ्या गावाची नजर पाठीला टोचत होती. बेकरीवाली हेल्वी, जिचे दोन मुलगे वर होते, सरकून उभी राहिली.

"कुणासाठी गं पोरी?"

"टोर."

"देवा! शेंड्यावर चढतो तो?" तिने माझं मनगट घट्ट धरलं.

अर्ध्या तासाने तुकडीचा ट्रक डोंगरावरून उतरताना दिसला. फाटकाशी थांबलेल्यांना चेहरे ओळखता यावेत, म्हणून माणसं हेल्मेट काढून बाहेर वाकतात. हेल्वीचे दोघं दिसले. तिने हुंदका दिला. मी मोजलं, पुन्हा मोजलं. सकाळी तुकडीतले सात जण वर गेले होते, चेहरे सहाच होते. त्यांत टोर नव्हता.

ट्रक थांबला. मी मागच्या फळीकडे धावले. तो आत आडवा होता, पाय दोन फळ्यांमध्ये बांधलेला, चेहरा पांढराफटक. डोळे मात्र उघडे होते.

"आइना? तू… फाटकाशी?"

"दिसत नाही का?"

"अगं, सगळं गाव बघतंय."

"बघू दे."

त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "पाय बरा झाला की मी परत चढणार. खोटं नाही बोलत तुझ्याशी."

मला त्याचा राग आला, आणि तो जिवंत आहे म्हणून रडूही आलं. "माहीत आहे मला. आणि मी रोज घाबरणार. रोज तुला शिव्या घालणार."

"म्हणजे…?"

"म्हणजे हो! आता गप्प पड."

मी ट्रकमध्ये चढून त्याच्याशेजारी बसले. त्याने माझा हात शोधला. तेवढ्यात मागे कुणीतरी आलं. आई होती. बाबा गेल्यापासून तिने या फाटकापाशी कधी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. तिने टोरचा बांधलेला पाय निरखला, मग त्याचा चेहरा.

"हिला रडवलंस," ती म्हणाली, "तर दुसरा पाय मी मोडीन." आणि फळीला धरून, दवाखान्यात सोबत यायला, तीही ट्रकमध्ये चढली.